खासगी विद्यापीठांचा कायदा न्यायालयात टिकेल असा करा : गोवा विधानसभेच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सभापती व सन्माननीय सदस्य,
गोवा विधानसभा, पर्वरी.

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

खासगी विद्यापीठांसंबंधीचे कोणतेही विधेयक, मग तो नवा कायदा असो वा आधीच्या कायद्यातील दुरुस्ती, आपल्यासमोर येईल तेव्हा त्याच्या बाजूने काय बोलले जाईल याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. गोव्यातील मुलांना शिक्षणासाठी पुणे, मुंबई, बेळगाव गाठावे लागते ते थांबेल, बाहेरचे विद्यार्थी इथे येतील, प्राध्यापकांना व इतरांना काम मिळेल. यांतील एकही मुद्दा मला खोटा वाटत नाही आणि खासगी विद्यापीठे मुळीच नकोत असेही माझे म्हणणे नाही. माझी विनंती एवढीच आहे की, मत देण्यापूर्वी आपण एक प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर सभागृहाच्या कामकाजात नोंदले जाईल असे पाहावे. हा कायदा उद्या कोणी न्यायालयात नेला तर तो टिकेल काय, आणि न टिकल्यास त्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलांच्या पदवीचे काय होईल?

मी डिचोलीचा. महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत नोकरी केली आणि राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील तीन सूच्या, म्हणजे कोणत्या विषयांवर केंद्राने, कोणत्यांवर राज्याने आणि कोणत्यांवर दोघांनीही (समवर्ती) कायदे करायचे हे सांगणाऱ्या याद्या, मुलांना समजावून देणे हा त्या शिकवण्याचा मोठा भाग होता. खासगी विद्यापीठांचे कायदे न्यायालयात अडखळतात ते बहुतेक वेळा याच सूच्यांपाशी. म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो.

छत्तीसगडचे उदाहरण थोडे तपशिलात सांगतो, कारण त्यात आपल्याला शिकण्याजोगे जवळजवळ सगळे आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आलेल्या या राज्याने २००२ मध्ये खासगी क्षेत्रातील विद्यापीठांच्या स्थापनेचा व नियमनाचा कायदा केला. राज्य नवे, उच्च शिक्षणाच्या सोयी तोकड्या, तिजोरीत पैसा कमी, तेव्हा खासगी भांडवल यावे हा हेतू वरकरणी वाजवीच होता. त्या कायद्यानुसार प्रायोजक संस्थेने, म्हणजे विद्यापीठ काढू पाहणाऱ्या संस्थेने, प्रकल्प अहवाल द्यायचा आणि सरकारला तो पटला की कलम ५ खाली राजपत्रात अधिसूचना काढून विद्यापीठ स्थापन करायचे. कलम ६ ने अशा विद्यापीठाला महाविद्यालये संलग्न करून घेण्याची आणि एकाहून अधिक परिसर उघडण्याची वाटही मोकळी करून दिली. विधानसभेचे काम कायदा मंजूर झाला त्या दिवशीच संपले. त्यानंतर कोणते विद्यापीठ, कोणाचे, कोठे आणि कशाच्या बळावर, याच्याशी लोकप्रतिनिधींचा संबंध उरला नाही. पाहता पाहता अधिसूचनांनी ११२ विद्यापीठे निर्माण झाली. त्यांतील अनेकांना स्वतःची इमारत नव्हती, मग प्रयोगशाळा आणि ग्रंथालय कोठून असणार? कित्येकांचा पसारा रायपुरातील एखाद्या व्यापारी संकुलातील खोलीपुरता होता, पण पदवी देण्याचा अधिकार मात्र पूर्ण होता.

या कायद्याविरुद्ध जे सर्वोच्च न्यायालयात गेले त्यांत प्राध्यापक यशपाल होते. मोठे शास्त्रज्ञ, आणि १९८६ ते १९९१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांच्या स्वतःच्या हक्काला धक्का लागला होता असे नाही. देशातील पदवीची किंमत घसरते आहे हे त्यांना पाहवले नाही, म्हणून त्यांनी ही याचिका केली, आणि त्या निकालाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने कलम ५ व ६ घटनाबाह्य ठरवली आणि त्यांखाली काढलेल्या सर्व अधिसूचना रद्द केल्या. दरम्यान राज्याने २००४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून काही अटी घट्ट केल्या होत्या. तरीही मूळ दोष उरलाच, कारण तो अटींच्या सैलपणात नव्हता, कायद्याच्या रचनेत होता.

ही रचना आपण नीट पाहावी. विद्यापीठ स्थापन करण्याचा राज्याचा अधिकार राज्य सूचीतील नोंद ३२ मधून येतो. केंद्र सूचीतील नोंद ४४ मध्ये महामंडळांविषयी बोलताना विद्यापीठे मुद्दाम वगळली आहेत, म्हणजे हा अधिकार घटनाकारांनी जाणूनबुजून राज्यांकडे ठेवला. पण केंद्र सूचीतीलच नोंद ६६ ने उच्च शिक्षण व संशोधनाच्या संस्थांमधील समन्वय आणि दर्जा ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि त्याच नोंदीच्या आधारे १९५६ चा विद्यापीठ अनुदान आयोग कायदा उभा आहे. शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला, त्यामुळे केंद्राचे वर्चस्व तेव्हापासून सुरू झाले असा समज आढळतो. तो बरोबर नाही. शिक्षण राज्य सूचीत असतानाच, १९६२ मध्ये, गुजरात विद्यापीठाच्या माध्यमभाषेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, राज्याच्या कायद्याने दर्जाविषयीच्या केंद्राच्या अधिकारावर अतिक्रमण होत असेल तर राज्याचा कायदा त्या मर्यादेपर्यंत मागे हटला पाहिजे.

छत्तीसगडच्या निकालात हेच सूत्र पुढे नेले गेले. नोंद ३२ राज्याला विद्यापीठ स्थापण्याचा अधिकार देते हे न्यायालयाने मान्य केले. परंतु विद्यापीठ म्हणजे अध्यापन, संशोधन, शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांसह उभी असलेली संस्था, आणि अशी संस्था नसताना केवळ प्रस्तावाला विद्यापीठाचा कायदेशीर देह देणे या अधिकारात बसत नाही, हे त्या निकालाचे मर्म आहे. शिवाय असे प्रस्ताव शेकड्यांनी विद्यापीठे झाले आणि प्रत्येकाने आपापला अभ्यासक्रम ठरवून पदव्या दिल्या, तर दर्जा राखण्याचे आयोगाचे काम अशक्य होते आणि नोंद ६६ निष्प्रभ होते. पदवी देण्याचा अधिकार आयोगाच्या कायद्याच्या कलम २२ ने मोजक्याच संस्थांना दिला आहे, त्यात राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ येते. तेव्हा एखाद्या राज्याने ‘विद्यापीठ’ हा शिक्का सहज वाटायला घेतला तर त्या एका राज्याच्या हातून सबंध देशात चालणारी पदवी स्वस्त होते. गोव्याने केलेल्या कायद्याचे परिणामही पत्रादेवी आणि पोळे या आपल्या सीमानाक्यांवर थांबणार नाहीत.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो, कारण तो जाणत्या माणसांच्या तोंडूनही मी ऐकला आहे. राष्ट्रपतींची संमती घेतली की राज्याचा कायदा सुरक्षित होतो, असे म्हटले जाते. अनुच्छेद २५४(२) मधील ती सोय समवर्ती सूचीतील विषयांपुरती आहे. विधेयक नोंद ६६ च्या क्षेत्रात शिरले असेल तर प्रश्न केंद्राच्या कायद्याशी विसंगतीचा न राहता अधिकारच नसल्याचा होतो, आणि नसलेला अधिकार संमतीने मिळत नाही.

त्याच निकालातील आणखी एक भाग गोव्यासारख्या लहान राज्याला विशेष लागू पडतो. छत्तीसगडच्या कायद्याने तेथील विद्यापीठांना राज्याबाहेर केंद्रे काढण्याची मुभा दिली होती, तीही टिकली नाही, कारण राज्याचा कायदा राज्याच्या सीमेपलीकडे चालत नाही. सुमारे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या आपल्या राज्यात येणाऱ्या प्रायोजकाचे गणित केवळ गोव्यातील विद्यार्थ्यांवर बसेल असे मला वाटत नाही. बाहेरच्या विद्यार्थ्यांनी येथे येऊन शिकावे याला कोणाचाच विरोध नसावा. परंतु गोव्याच्या कायद्याने मिळालेल्या नावावर इतर राज्यांत केंद्रे थाटायची असा हेतू प्रकल्प अहवालाच्या आड दडलेला असेल, तर तो विधेयकाच्या टप्प्यावरच ओळखला पाहिजे. आयोगाचे २००३ चे विनियम या बाबतीत स्पष्ट आहेत. प्रत्येक खासगी विद्यापीठ राज्याच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन व्हावे, ते एकात्म असावे, म्हणजे महाविद्यालयांना संलग्नता देण्याच्या व्यवसायात त्याने पडू नये, आणि त्याचे काम सामान्यतः राज्याच्या हद्दीतच चालावे.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो, कारण हे पत्र मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहे. अधिसूचना रद्द झाल्या तेव्हा छत्तीसगडमधील त्या संस्थांत मुले शिकत होती. न्यायालयाने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. पात्र संस्था राज्यातील आधीच्या सरकारी विद्यापीठांना संलग्न करून घेण्यासाठी राज्याने पावले उचलावीत असे सांगितले. ही दिलासा देणारी तरतूद गोव्यात कितपत चालेल याचा विचार करा. आपल्याकडे महाविद्यालयांना संलग्नता देणारे राज्याचे विद्यापीठ एकच, ताळगावच्या पठारावरचे. उद्या एखाद्या खासगी विद्यापीठाचा कायदा कोसळला आणि तेथील अभ्यासक्रम गोवा विद्यापीठात शिकवलेच जात नसतील, तर त्या मुलांना कोणत्या विभागात सामावून घेणार आणि त्यांची परीक्षा कोण घेणार?

न्यायालयीन निर्णय यायला लागणारा वेळही विद्यार्थ्याच्याच मुळावर येतो. काही अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनी आवश्यक मान्यता न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. तो प्रश्न राज्याच्या कायद्याचा नव्हता, पण परिणाम तोच. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना नव्याने परीक्षा द्यायला लावली आणि त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्दच केल्या. त्या पदवीवर नोकरी मिळवलेली, बढती घेतलेली, संसार उभा केलेली माणसे होती ती. त्यांनी शुल्क भरले होते, परीक्षा दिल्या होत्या, आणि परवानगीची कागदपत्रे तपासणे हे त्यांचे काम नव्हते.

आमच्या डिचोली, सत्तरी आणि धारबांदोडा तालुक्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर खाणी थांबल्या, तेव्हा नूतनीकरणाच्या आदेशावर सही करणाऱ्यांपैकी कोणाच्या घरचा हप्ता थकला नाही. थकला तो कर्ज काढून ट्रक घेणाऱ्याचा. तो निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. शासनाने घाईने आणि सदोष पद्धतीने दिलेली परवानगी न्यायालयात पडते तेव्हा तिच्या भरवशावर आयुष्य मांडलेला सामान्य माणूस भरडला जातो, हे आपण गोवेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. विद्यापीठाच्या बाबतीत तो सामान्य माणूस अठरा वर्षांचा असेल.

कायद्याला आव्हान केवळ ढिलाईमुळे मिळते असे मात्र समजू नये. ते दुसऱ्या बाजूनेही येते. शुल्क, प्रवेश आणि आरक्षण यांवर राज्याने बंधने घातली की संस्थाचालक अनुच्छेद १९(१)(छ) खालील व्यवसायस्वातंत्र्य घेऊन न्यायालयात जातात. २००२ च्या टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क मान्य केला, पण शिक्षणाची नफेखोरी मान्य केली नाही. २००५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्यात सात न्यायमूर्तींनी विनाअनुदानित खासगी संस्थांवर राज्याला आपले आरक्षण लादता येणार नाही असे ठरवले. त्यानंतर त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(५) आला आणि अशा संस्थांतही, अल्पसंख्याक संस्था वगळून, मागास घटकांसाठी विशेष तरतूद करता येऊ लागली. २०१४ मध्ये ती दुरुस्तीही न्यायालयात वैध ठरली. २०१६ मध्ये मध्य प्रदेशाच्या कायद्यातील प्रवेश व शुल्क यांचे नियमन घटनापीठाने उचलून धरले.

या साखळीतून आपल्यासाठी निघणारी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. अनुच्छेद १५(५) नुसार विशेष तरतूद ‘कायद्याने’ करावी लागते. विधेयक त्याबद्दल गप्प राहिले तर गावडा, कुणबी व वेळीप समाजांतील मुलांना, ज्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत यायलाच २००३ साल उजाडले, त्या विद्यापीठात राखीव जागेचा दावा सांगता येणार नाही. ‘पुढे नियमांत पाहू’ हे उत्तर येथे चालत नाही. नियम मंत्रालयात होतात आणि बदलतात, आणि न्यायालयात सर्वांत आधी प्रश्न येतो तो या नियमाला मूळ कायद्यात आधार आहे का, हाच. शुल्कनियमनाचेही तसेच. त्याची पद्धत, निकष आणि दाद मागण्याची जागा कायद्यात असेल तर ते टिकण्याची शक्यता मोठी. सरकारच्या इच्छेवर सोडलेले नियमन मनमानी ठरते आणि संस्थाचालक ते सहज पाडू शकतो.

कायद्यात जे लिहिले ते पाळले जाते की नाही, हा भागही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मेघालयात २००९ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेले सीएमजे विद्यापीठ राज्य सरकारने २०१४ मध्ये विसर्जित केले आणि दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तेथील कुलपतींच्या नेमणुकीला अभ्यागत या नात्याने राज्यपालांची मान्यता आवश्यक होती, ती घेतलेलीच नव्हती. राज्यपालांचे स्थान कायद्यात होते, म्हणूनच मुळात प्रश्न विचारता आला आणि तो तडीस गेला. आपल्या विधेयकांत अभ्यागताचे आणि नियामकाचे अधिकार नुसते शोभेपुरते ठेवण्याचा आग्रह प्रायोजकांकडून धरला गेला, तर हे उदाहरण त्यांच्यासमोर ठेवावे. अर्थात विसर्जनापासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला, हेही तितकेच ध्यानात घेण्यासारखे आहे.

गोव्यात विद्यापीठ कसे घडले याचाही आपण दाखला घ्यावा. मुक्तीनंतर १९६२ पासून येथे महाविद्यालये उघडली, ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. मग पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर अध्यापन व संशोधन केंद्र चालू झाले. तेथे शिक्षक आले, ग्रंथसंग्रह झाला, संशोधन सुरू झाले. १९८४ चा कायदा आणि जून १९८५ मधील गोवा विद्यापीठाचा आरंभ हे सारे त्यानंतरचे. संस्था आधी होती, तिला विद्यापीठाचे नाव नंतर मिळाले. २००५ च्या निकालाने जे घटनेतून काढून दाखवले ते आपल्या आधीच्या पिढीने, तेव्हा हे घटक राज्यही नसताना, प्रत्यक्षात केले होते.

जागेचा प्रश्न मी थोडक्यात मांडतो, कारण तो आपण सगळे जाणता. गुळेलीत आयआयटीसाठी जमीन देण्याचा निर्णय शेळ-मेळावलीच्या लोकांच्या आंदोलनानंतर जानेवारी २०२१ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला. केंद्राच्या संस्थेची ही गत, तर खासगी प्रायोजकाच्या जमिनीविषयी लोक प्रश्न विचारणारच. प्रकल्प अहवालात दाखवलेली जमीन नावावर आहे का, ती कोमुनिदादीची (गावच्या सामाईक जमिनीची मालक असलेल्या गावकरी संस्थेची), कुळांची की खासगी वनात मोडणारी आहे, तिचे भू-रूपांतर कायदेशीर आहे का, हे विधेयक येण्यापूर्वी तपासले नाही तर विद्यापीठाच्या कायद्याबरोबर जमिनीचाही खटला उभा राहील आणि दोन्हींत विद्यार्थी अडकतील.

म्हणून माझी मागणी अशी की, अधिसूचनेने किंवा परिशिष्टात नाव घालून विद्यापीठ स्थापण्याची वाट कोणत्याही कायद्यात ठेवू नये. प्रत्येक विद्यापीठासाठी स्वतंत्र विधेयक यावे आणि ते प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयकाची छाननी करणाऱ्या आमदारांच्या समितीकडे, गेल्याशिवाय मंजूर होऊ नये. त्या समितीने प्रायोजकाचा अहवाल वाचून न थांबता जागेवर जावे, इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय पाहावे, नेमलेल्या शिक्षकांची यादी आणि त्यांची पात्रता मागवावी, आणि आपला अहवाल विधेयकाच्या चर्चेआधी मराठी, कोकणी व इंग्रजीत लोकांसमोर ठेवावा. कायदा खाते व महाधिवक्ता यांचे नोंद ३२ व नोंद ६६ च्या संदर्भातील लेखी मत त्याला जोडलेले असावे. समितीला सहा महिने लागले तर लागू द्यावेत. २००५ च्या निकालानंतर छत्तीसगडला त्याच वर्षी संपूर्ण नवा कायदा करावा लागला, आणि तोवर मुलांची जी वर्षे गेली ती कोणत्याही कायद्याने भरून आली नसतील.

शेवटची मागणी मुलांसाठीची. विद्यापीठ बंद पडले, विसर्जित झाले किंवा न्यायालयाने त्याचा कायदा रद्द केला, तर शिकत असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कोणत्या विद्यापीठात, कोणत्या वर्गात, किती काळात सामावून घेतले जाईल याची योजना विधेयकाच्या परिशिष्टात असावी, आणि त्या विद्यापीठाची लेखी संमती आधीच घेतलेली असावी. प्रायोजकाने ठेवलेला कायम निधी अशा प्रसंगी प्रथम विद्यार्थ्यांचे शुल्क परत करण्यासाठी आणि त्यांच्या पुढील शिक्षणासाठी वापरला जाईल, बँकेच्या किंवा अन्य धनकोंच्या आधी, असे कलम त्यात असावे. गुणपत्रिका व पदव्यांचे अभिलेख पहिल्या वर्षापासून राज्याकडेही जमा होत राहावेत, म्हणजे संस्था उरली नाही तरी मुलाच्या हाती पुरावा उरेल. या तरतुदी असलेले विधेयक आपल्यासमोर आले तर त्याच्या समर्थनासाठी माझ्यासारखे अनेक शिक्षक पुढे येतील. त्या नसतील तर, आपण ज्या पक्षाचे असाल त्या पक्षाचा आदेश काहीही असो, ते प्रवर समितीकडे पाठवण्याची सूचना आपण स्वतः मांडावी, अशी हात जोडून विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक,
डिचोली, गोवा.